आळीबाहेर लावलेली गाडी

मंडळी, ऐका. आज काल्याचं कीर्तन. वर हंडी बांधलीय, तुमचं सगळं लक्ष तिकडं. माझं लक्ष दुसरीकडं आहे, ते शेवटी सांगतो. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या — जो माणूस आपला जीव वाचवायला धावतो, त्याला उभं कुठं करायचं? दारात, की लांब, नजरेआड?

"दारात" म्हणताय. म्हणणारच! मंडपात बसल्यावर सगळेच शहाणे.

तर एका तालुक्याच्या गावात कासार आळी. तिथला मारुती गोफणे, फौजेतला हवालदार. निवृत्त होऊन आला, तेव्हा आळीनं हलगी लावून मिरवणूक काढली. शाल दिली — शाल अशी, की थंडीलाही दया यावी! आळीतले मोठे म्हणजे आबा डांगरे. त्यांनी भाषण केलं, डोळेसुद्धा पुसले.

पुढं मारुती एका दवाखान्याच्या अ‍ॅम्ब्युलन्सवर ड्रायव्हर झाला. वेळी-अवेळी बोलावणं यायचं, म्हणून गाडी आपल्या दारात लावायचा. झालं! आळीच्या पोटात दुखायला लागलं. का? तर म्हणे गाडी अपशकुनी.

त्यात आबांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. आबा गेले मारुतीकडं. "मारुती, ती गाडी ओढ्यापलीकडं लावत जा बाबा. आळीत अ‍ॅम्ब्युलन्स दिसली तर पाहुण्यांना वाटेल, घरात कुणाला तरी रोग आहे."

"आबा, बोलावणं आलं की तिथवर पळत जावं लागेल. पेशंटचा वेळ जाईल हो."

आणि आबा काय म्हणाले? नीट ऐका. "जाऊ दे की. पेशंट आपल्या आळीतला थोडाच असतो?"

अरे, असं बोलवतं तरी कसं! आणि आबा एकटे नव्हते बरं. ज्यांनी हलगी वाजवली, ते सगळे मागं उभे होते, माना डोलावत. मारुतीनं गाडी ओढ्यापलीकडं नेली.

पाहुणे आले. पोहे झाले, चहा आला. मुलीची आई इंदुताई बशी पुढं करत होत्या — तोंड वाकडं झालं, बशी निसटली, बाई खाली कोसळल्या. आबा धावत बाहेर आले. "मारुती! गाडी काढ!"

कुठली गाडी? आळी मोकळी. स्वच्छ. शुभ!

मारुती पळाला. गुडघा फौजेतच दुखावलेला, तरी पळाला. बाजाराचा दिवस, ओढ्याच्या पुलावर टेम्पो अडकलेले. कशीबशी गाडी आणली, बाईंना दवाखान्यात पोचवलं. जीव वाचला. पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं."

आबा कुणावर ओरडले, सांगा? मारुतीवर! "एवढा उशीर का केलास?"

मंडळी, हे सांगताना हातातल्या चिपळ्या भिरकावून द्याव्याशा वाटतात मला. मारुती इंदुताईंच्या खाटेजवळ गेला. त्यांना बोलता येत नव्हतं. खाटेवरून त्यांनी मारुतीकडं पाहिलं. हात जोडायला गेल्या, उजवा उठेना. मग डावा उचलला आणि कपाळाला लावला. अख्ख्या आळीतून त्याला मिळालेला तो पहिला खरा नमस्कार.

आता माझं लक्ष कुठं होतं ते सांगतो. आपल्या या गर्दीसाठी एक अ‍ॅम्ब्युलन्स आलीय. कुठं लावलीय? मंडपामागं, कालच्या उष्ट्या पत्रावळींच्या ढिगाशी. अध्यक्षसाहेब, पायाकडं बघू नका. मी विचारलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, "महाराज, महाद्वारात बरी दिसत नाही." तो ड्रायव्हर सकाळपासून उन्हात बसलाय. त्याला कुणी पाणी विचारलं नाही.

काला म्हणजे काय हो? सगळ्यांची शिदोरी एकत्र. मग त्याची शिदोरी कुठं आहे?

टाळ खाली ठेवा. हंडी आत्ता फुटणार नाही. आधी ती गाडी महाद्वारात आणा, तिच्याजवळ त्या माणसाला सावलीत बसवा, काल्याचा पहिला घास त्याला द्या. आणि तो आला की नमस्कार करा. इंदुताईंचा एकच हात उठत होता. तुमचे दोन्ही धड आहेत.