ॲपमध्ये घरी, प्रत्यक्षात मनोरीला

नाव : शुभा शरच्चंद्र दिघे, वय ६१ वर्षे, धंदा : विमा कार्यालयातून निवृत्त, राहणार : नंदादीप सोसायटी, दुसरा मजला, बोरिवली (पश्चिम), मुंबई.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती शरच्चंद्र यांच्यासह राहते. मी हरवल्याची तक्रार त्यांनी दिली आहे. ती मला वाचून दाखवली. मी हरवलेले नाही.

आमचा मुलगा केयूर बंगळूरला असतो. दिवाळीत त्याने वडिलांना घरभर वायफाय पोचवणारे तीन डबे पाठवले. आमचे घर म्हणजे हॉल, बेडरूम आणि स्वयंपाकघर. हॉलमध्ये शिंकले तर स्वयंपाकघरात ऐकू येते. तरी पती म्हणाले, नेटवर्क नीट उभे केले पाहिजे. ते आठवडाभर उभे राहत होते. एक डबा हॉलमध्ये बसला, दुसरा बेडरूममध्ये. तिसऱ्याला योग्य जागा फक्त देव्हाऱ्यातच मिळाली, म्हणून देव फ्रीजवर गेले. पती मला फोन घेऊन घरभर उभे करत आणि हॉलमधून ओरडत, "किती रेघा?" मी "दोन" म्हटले की म्हणत, "नीट धर ना गं!"

या डब्यांबरोबर एक ॲप येते. घरातला कुठला फोन वायफायला जोडलेला आहे ते त्यात दिसते. पतींनी माझा फोन आणि मी पाककृती बघते तो जुना टॅबलेट, दोन्ही 'शुभा' या नावाखाली घातले. त्यातले एक जरी चालू असले तरी माझ्या नावापुढे 'घरात' असे येते. तेव्हापासून त्यांनी मला हाक मारणे सोडले. हॉलमधून मेसेज येतो, "चहा."

मागच्या शुक्रवारी दुपारी मी बाथरूममध्ये पाय घसरून पडले. उठता येईना. बऱ्याच हाका मारल्या. पती कानांवर हेडफोन घालून केयूरला नेटचा स्पीड दाखवत होते. शेजारच्या बेव्हर्ली यांना त्यांच्या खिडकीतून माझा आवाज गेला. त्यांनी येऊन पती दार उघडेपर्यंत बेल वाजवली आणि मला उठवून बेडवर आणून बसवले. पती दारात येऊन म्हणाले, "फोन घेऊन जायचा ना आत. बाथरूममध्ये फुल रेंज दिलीय मी तुला."



शनिवारी सकाळी मी बॅग भरली. पतींना सांगितले, "ज्युलियाकडे मनोरीला जातेय. कधी येईन माहीत नाही." ते मोबाईलमध्ये बघत "हं" म्हणाले. ज्युलिया ही माझी ऑफिसातली जुनी मैत्रीण. मी गोराईच्या होडीने पलीकडे गेले, तिथे ती रिक्षा घेऊन थांबली होती. माझा पाय बघून तिने आधी मला डॉक्टरकडे नेले. टॅबलेट घरी ओट्यावर चार्जिंगला तसाच राहिला.

पुढचे मला इथे येऊन कळले. तक्रारीत मी मंगळवारी संध्याकाळी हरवले असे लिहिले आहे. पतींचे म्हणणे, तोवर मी घरातच होते. ते टीव्ही बघत हॉलमध्येच झोपतात. बेडरूमचे दार मी लोटून घेतले होते. मी रुसून आत बसले आहे असे त्यांना वाटले. दार उघडून बघितले नाही, कारण ॲपमध्ये 'घरात' दिसत होते. पोळीभाजी सुंदराबाई करून जात होत्या. मंगळवारी त्यांनी मिक्सर लावायला टॅबलेटचा प्लग काढला. संध्याकाळी टॅबलेट बंद पडला आणि मी हरवले.

हवालदार गंधाली तांडेल यांनी तक्रार घेताना पतींना विचारले, "काका, त्यांना फोन लावून बघितलात का?"

पती म्हणाले, "ऑफलाइन दाखवतेय. मग लागणार कसा?"

तांडेल मॅडमनी तिथेच नंबर लावला. मी ज्युलियाच्या अंगणातले वाळलेले बोंबील गोळा करत होते. लगेच उचलला.

आज पतींना इथे पाहिले. दाढी वाढली होती, शर्ट उलटा घातला होता. "किती घाबरलो मी, माहितेय?" म्हणाले. ते खरे असावे. नंतर त्यांनी विचारले, "पायाला ही पट्टी कसली?" मी सांगितले. मग ते म्हणाले, केयूर मला हातात घालायचे घड्याळ पाठवतो आहे, मी पडले तर ॲपमध्ये कळेल. मी घड्याळ नको म्हणून सांगितले.

मला कोणी फूस लावून नेलेले नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

हा जबाब संगणकावर घेऊन तांडेल मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी "पतीसोबत स्वखुशीने घरी जात आहे" असे वाक्य आले होते. ते सगळ्यांच्याच जबाबात असते, असे त्या म्हणाल्या. मी ते काढायला लावले. त्याऐवजी असे लिहावे, की मी स्वखुशीने मनोरीला परत जात आहे, तसे पतींना तोंडी सांगितले आहे आणि या खेपेस त्यांनी मान वर करून ऐकले आहे. आता मजकूर माझ्या सांगण्याबरहुकूम असून बरोबर आहे.