थकलेल्या माणसाचा 'अथक' पुरस्कार

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान मुख्य अभियंता साहेब, पाणीपुरवठा कार्यालयातले अधिकारी, कर्मचारी आणि अगत्याने जमलेल्या बंधू-भगिनींनो,

सत्काराला उत्तर खरं तर यांनी द्यायचं होतं. पण आपल्या सगळ्यांची भाषणं ऐकता ऐकता हे दमले. खुर्चीत डोळे मिटून बसलेत ते भारावून नव्हे. म्हणून यांची बायको या नात्याने मी उभी राहिले.

पुरस्काराचं नाव 'अथक'. कोणी सुचवलं हो? साहेबांनीच? वाटलंच मला.

यांनी इथे जन्मभर नकाशे काढले. निम्म्या शहराच्या पाण्याच्या लाइनी यांच्या हातच्या. मग किडन्या गेल्या आणि घरात पाणी घोटाघोटाने प्यायची वेळ आली. याचं यांनाच हसू येतं, म्हणून मीही हसून घेते. एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. साहेबांची समजूत अशी, की गाडी जशी सर्व्हिसिंगहून येते तसा माणूस डायलिसिसहून येतो, चकचकीत! अहो, अंगातलं रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत घालतात. घरी येतो तो पिळून काढलेला माणूस. रात्रभर झोपतो आणि सकाळी तितकाच दमलेला उठतो. आमच्या मोठ्या जाऊबाईंनी सांगितलं, भावोजी, जरा फिरून येत जा, तरतरी येईल. हे बरं म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

नकाशा विभाग तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण ती अधिकाऱ्यांची. यांनी विनंती केली. साहेब म्हणाले, एकाला परवानगी दिली की उद्या सगळ्यांचेच गुडघे दुखायला लागतील. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

त्याच सुमारास यांनी नाडीचे बूट आणले. पाय सुजलेले, चपलेत मावत नव्हते, आणि हे बूट कोंबतायत. मी चिडले. तेव्हा म्हणाले, "जिन्यात नाडी बांधायला बसलेल्या माणसाला कोणी आजारी म्हणत नाही गं."

तेव्हापासून मी नाडी जरा सैल बांधून द्यायला लागले.

मग एक दिवस हे जिन्याच्या वळणावर बसले ते उठेचनात. येणारे-जाणारे बाजूने गेले. कोणीतरी म्हणालं, काय निवांत चाललंय बुवा! शेवटी पहारेकऱ्याने आणि कँटीनवाल्याने खुर्चीत घालून खाली आणलं. साहेबही तेव्हाच लिफ्टमधून उतरले होते. तब्येतीची काळजी घ्या, म्हणाले. घेतली. यांनी नोकरीच सोडली. तिला स्वेच्छानिवृत्ती म्हणतात. कोणाच्या इच्छेने, हे विचारायची पद्धत नाही.

घरी बसून थकवा गेला का? नाही. पण तो लपवायचे कष्ट गेले. आता भरदुपारी राजरोस झोपतात.

आज इथे येताना मात्र गाडीत जागे होते. म्हणाले, "मला मानचिन्ह नको. आवक-जावकमधल्या ताईंना लिफ्ट मिळवून दे." त्या ताई तिथे मागे, खांबाजवळ बसल्यात. त्यांचंही डायलिसिस सुरू झालंय आणि त्यांचा अर्ज साहेबांकडे आहे. साहेब, या ताईंनीही दमून दाखवल्यावरच सत्कार करायचा, की आत्ताच काही जमेल?

मान हलवलीत, पण ती मागच्यांना दिसत नाही. हा घ्या माइक.

'उद्यापासून' म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं ना? ताई, तुम्हीही ऐकलंत? मग झालं.

अध्यक्षांचे, आयोजकांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या आपल्या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कोणाला लागलं असेल, तर पोटात घाला. यांच्या अंगात उभं राहायचं त्राण असतं, तर यांनी नुसते आभारच मानले असते.