लोणारच्या तळ्यावरचं पाखरू

सुलतानपूरच्या एसटी थांब्यावर माझ्या मागं इंद्रभान त्याच्या कौशल्याआत्याला लोणारच्या तळ्यावरच्या एका पाखराचे धूसर फोटो दाखवत होता.

“आत्या, बगळ्याचं पिल्लू हाय ना?”

“बगळ्याची मान एवढी आखूड राह्यते का बे?”

“मंग टिटवी?”

“थांब! शेपटीले काळी पट्टी, अंगावर भुरे ठिपके... अरे, बेट द्वारकेले नावेतून असल्याच पाखरायले म्या मुरमुरे टाकले होते! पांढऱ्यायच्या संगं अशी भुरी पिल्लं होती.”

“समुद्राचं पाखरू? इथं?”

“तळं खारं हाय. त्याले समुद्रच वाटला असंन!”

“पण तळ्यात मासोळी नाही, आत्या. काल सांज होईपर्यंत पाखरू तिथंच उपाशी बसेल होतं.”

“मंग उभा काऊन? मुरमुरे घे!”

“आत्या, मेहकरची गाडी आली! मले पोरगी पाहाले जायचं हाय!”

“पोरीचा बाप थांबंन, पाखरू नाही. लोणारची गाडी इचार!”