मयेकरांच्या टाकीतल्या तिसऱ्या

मंडळी, ज्याच्यावर आपला जीव, तोच आपल्या हातून उपाशी मरू शकतो का? नाही म्हणताय? मान हलवायची घाई नको — ऐका!

मालवणात गोविंद मयेकर नावाचे निवृत्त गृहस्थ. मुलानं त्यांना खाऱ्या पाण्याची काचेची टाकी दिली — मासे पाळा, मन रमवा! मयेकरांना मासा ताटातच बघायची सवय. टाकी रिकामीच! आषाढ अमावास्येला त्यांनी डझनभर तिसऱ्या आणल्या. खाडीतले शिंपले हो! — मागे कुणीतरी आवंढा गिळला, मी पाहिलं! — जेवायला येणारे पाहुणे आलेच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी श्रावण. आता? समुद्राचं पाणी भरलं, तिसऱ्या टाकीत सोडल्या.

त्यांनी तोंडं उघडली, इवल्या सोंडा बाहेर काढल्या, आणि मयेकर विरघळले! रोज ताजं पाणी, त्यात बारीक हिरवं खाद्य. पण जीव लागला की घोरही लागतो. मेल्या तर? बाजारात तिसरी जिवंत आहे का, ते कसं बघतात? ठोकून! मिटली तर जिवंत, उघडीच राहिली तर फेका. मयेकरांनी पळी घेतली. चहाआधी टक्, चहानंतर टक्, शेजारी आले — त्यांना दाखवायला टक्!

पंधरा दिवसांत चार मेल्या. काळजीनं ठोकणं दुप्पट झालं. पाचवी गेली तेव्हा मयेकर टाकीपाशी बसून रडले. साठी उलटलेला माणूस, तिसरीसाठी!

त्यांच्या बायकोनं, इंदुमतीनं, हातातली पळी काढून घेतली. म्हणाली, "ती तोंड उघडता तेव्हाच खाता. मी जेवूक बसलंय आनि तुम्ही दर घासाक डोक्यार टकटक करून इचारलात, जिती आसस मां? — तर मी जेवतलंय कधी?"

मयेकर हात मांडीखाली दाबून बसले. हाताला काय खाज सुटली असेल! हळूहळू सातही उघडल्या — आणि उघड्याच राहिल्या. जिवंत की मेलेल्या? ठोकल्याशिवाय कळणार कसं? तरी त्यांनी पळी मागितली नाही. मंडळी, विश्वास म्हणतात तो हा!

आणि आपण? मुलगा परगावी, घास तोंडाशी नेतो — आपला फोन! जेवलास का? अहो, जेवू द्या की त्याला! देवालाही सोडत नाही. गुडघा दुखला — टक्! पोराला नोकरी लाव, म्हणजे तू आहेस! नाम घ्या, पण ते ठोकून बघायला नको.

आज घरी गेल्यावर कुणाला काही विचारू नका. नुसते शेजारी बसा.