लबाड इसमाचं इंजिन

पुठ्ठ्याचं हो. पुठ्ठ्याचं. आता मला सांगा, तुमच्या सख्ख्या बहिणीच्या गाडीत इंजिन बसवायचं म्हणून एका माणसाने गाडी दोन आठवडे अडकवून ठेवलीय, आणि तुम्ही बघायला गेलात तर तो जमिनीवर उकिडवा बसून टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापतोय आणि त्याचं इंजिन करतोय... तुमचं डोकं फिरेल की नाही? चाळीस वर्षं वार्ताहर होतो मी. धरणातलं सिमेंट कुठे गेलं, रस्त्यातली खडी कुठे गेली, हे ज्यांना विचारायचं त्यांच्या दिवाणखान्यात बसून विचारलंय. मला गॅरेजातला मिस्त्री गुंडाळणार? मी काही बोललो नाही. वहीत टिपलं.

मुळात ही गाडी म्हणजे दाजींचं पिकअप. दाजींनी घेतलं तेव्हा मी पेपरात नुकता चिकटलो होतो, आता दाजी नाहीत, मी निवृत्त, आणि पिकअप आहे. ताईची रोपवाटिका टेकडीच्या डोक्यावर. खालून माती न्यायची, वरून रोपं आणायची, सगळं त्या गाडीवर, आणि चालवते ताई स्वतः, वय विचारू नका, तिलाही विचारू नका. तर त्या गाडीचं जुनं पेट्रोल इंजिन चढाच्या मधल्या वळणावर बसलं ते बसलंच. झालं, भाचा आला. ‘आई, पुरे आता. महिनाअखेरच्या सोमवारी भंगारवाला येईल, गाडी देऊन टाक. तू आमच्याकडे ये, चौथ्या मजल्यावर छान वारा येतो.’ तुम्हाला सांगतो, वारा ऐकल्यावर ताईचा चेहरा असा झाला की जणू तिलाच भंगारात काढलंय. मला म्हणाली, ‘अरे, बाल्कनीत मी काय दोन कुंड्या घेऊन बसू?’ आणि गाडी ओढत नेऊन टाकली या मिस्त्रीकडे.

मिस्त्री काय म्हणाला? म्हणाला, मोडक्या बर्फगाडीचं डिझेल इंजिन पडलंय माझ्याकडे. ते बसवतो. मी बघितलं ते. एवढंसं. तीन सिलिंडरचं. म्हटलं, हे ओढणार? तर डोकं वर न काढता म्हणतो, ‘पेपरवाले साहेब, तुमच्या ताईंना पळायचंय की चढायचंय?’

पेपरवाले. मला. मी काही बोललो नाही. वहीत टिपलं.

रोज जायला लागलो मी. म्हटलं, याचा बुरखा फाडायचा, आणि आपली पद्धत ठरलेली, तारीख, वेळ, माप, साक्षीदार. नाव लिहायचं नाही म्हणून ‘लबाड इसम’ लिहायचं. लबाड इसमाने दहा वाजून पाच मिनिटांनी काय केलं, कुठली तार कुठे नेली, तिचा रंग कोणता... काही म्हणजे काही सोडलं नाही. आणि बघता बघता काय झालं माहितीये? ते पुठ्ठ्याचं इंजिन त्याने चेनपुलीला टांगून गाडीत उतरवलं, अगदी खऱ्यासारखं, हळू... हळू... आणि खाली चेसीच्या आडव्या पट्टीला पुठ्ठा टेकला. जरासा दुमडला. मिस्त्री खूश. म्हणे, ‘इथे लोखंड आपटलं असतं, आता पुठ्ठा आपटला. तेलाची टाकी दोन इंच मागे घेतो.’ आता याला काय म्हणायचं? मी मोठमोठे इंजिनियर बघितलेत, पूल पडल्यावर नकाशे काढणारे. हा माणूस पडायच्या आधी पुठ्ठा पाडून बघतो.

मग ती पोलादी चकती. नवं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांची तोंडं जुळत नाहीत, म्हणून मध्ये चकती घालायची, आणि ती केसभर सरकली तरी सगळं खडखडून फुटणार. चार वेळा केली त्याने. तिसरी मला चांगली दिसत होती, तरी बाजूला टाकली. म्हटलं, का? तर बोट फिरवून म्हणतो, ‘मला कळतंय ना.’ सांगा, अशा माणसाचा बुरखा फाडायचा कसा? मी काही बोललो नाही. वहीत मात्र ‘लबाड’ लिहिताना हात अडखळायला लागला.

पण त्याचं एक होतं. कागद नाही, पेन नाही. सगळं खडूने गाडीच्या अंगावर. इथे फुली, तिथे बाण, इंजिनाच्या बैठका कुठे जोडायच्या, कुठली तार कुठे... अख्खी गाडी म्हणजे त्याचा फळा. आणि गुरुवारी मिस्त्री सामान आणायला बाहेर, मी घरी जेवायला, आणि ताई गॅरेजात आली.

ताई स्वच्छ बाई आहे हो. तिने काय केलं? बादली घेतली, साबण घेतला, आणि गाडी आतून-बाहेरून घासून लख्ख. पुठ्ठ्याचं इंजिन चेपून, घडी घालून कचऱ्याच्या गाडीत. आम्ही आलो तर पदराला हात पुसत म्हणते, ‘किती घाण साठवली होती रे. रेघोट्या तर कुठे कुठे.’

मिस्त्री उपड्या क्रेटवर बसला. मग म्हणाला, ‘ताई, पुन्हा मापं घ्यायची तर दहा दिवस.’ आणि भंगारवाल्याचा सोमवार चार दिवसांवर. ताईला तेव्हा कळलं. हातातलं फडकं तिला कुठे ठेवावं सुचेना.

मग काय करतो... काढली वही. चष्मा लावला. वाचलं. ‘पान सतरा. लबाड इसमाने काहीतरी केल्याचा देखावा करत डाव्या बाजूला, पुढच्या टोकापासून साडेअकरा इंचांवर फुली मारली.’ ताई माझ्याकडे बघतेय, मी वहीकडे. म्हटलं, ते जरा... वगळतो. तर मिस्त्री खडू घेऊन उठला. ‘वगळू नका, साहेब. लबाड राहू द्या. इंच सांगा.’

तीन दिवस, तुम्हाला सांगतो, तीन दिवस मी त्या माणसाच्या तोंडावर त्यालाच लबाड म्हणत होतो, आणि तो ‘हं, पुढे’ म्हणत जोडत होता. ‘भामट्या इसमाने लाल तार...’ ‘हं, कुठे नेली भामट्याने?’ एक माप चुकलं नाही. एक.

रविवारी सकाळी गाडीत मातीची पोती भरली. ताई स्टिअरिंगवर, मिस्त्री शेजारी, मी मागे पोत्यांवर. चढ लागला. ते एवढंसं इंजिन असं टुकटुक टुकटुक करत निघालं, की काठी टेकत चाललेले एक आजोबा आमच्या पुढे निघून गेले. वर वळून हातही केला. मग ते वळण आलं. मिस्त्रीने डोळे मिटले आणि तळवा समोरच्या पत्र्यावर टेकवला, डॉक्टर छातीवर ठेवतो तसा. ताईने गिअर टाकला... आणि गाडी चढली हो. न धापता, न थरथरता चढली. वर ताईने इंजिन बंद केलं, आणि उगाच परत चालू केलं. नुसतं ऐकायला. मग भाच्याला फोन. ‘भंगारवाल्याला सांग, गाडी नाही. रोपं हवी असली तर वर ये म्हणावं.’

वही मिस्त्रीकडेच राहिली होती. मी त्याला म्हटलं, ती वही द्या, पहिल्या पानापासून ‘लबाड’ खोडतो. देईना. गॅरेजात खिळ्याला टांगलीय, सुतळी ओवून. चाळीस वर्षं लिहिलं मी, त्यात लोकांनी भजी... जाऊ द्या. आणि काल त्याचा फोन. दुसरं एक पिकअप आलंय. ‘सोमवारपासून या साहेब. आणि लबाड, भामटा, सगळं पहिल्यासारखंच लिहा. तुम्ही चिडलात की मापं बरोबर येतात.’

मी काही बोललो नाही. नवी वही आणली.