नव्हती ती नागीण, तात्या

केलं ते आमच्या मुंजाबा तात्यांनी, उगा दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नका. रोगाचं म्हणत नाय मी. रोग माझा मी आणला, कुठून आणला ते तुम्ही विचारू नका अन् मी सांगणार नाय. मी म्हणतोय ते रोगाच्या पुढं जे झालं त्याचं. ते काम तात्यांचं. तात्या म्हंजी आमच्या वडिलांचे थोरले भाऊ, गंगापूरकडच्या समद्या भावकीचे न नेमलेले कलेक्टर. कुणाची सोयरिक असो, कुणाचा बांध असो, कुणाचं पोट बिघडलेलं असो, निकाल तात्या देणार. मी पॉलिटेक्निक सोडलं तवा "पोरगं वाया गेलं" हा निकाल पण त्यांचाच, अन् आमच्या वडिलांनी खाली बघून मान हलवली. मोठी माणसं आहेत. त्यांना समदं कळतं.

तर तुम्हाला सांगतो, संस्कृतीबरोबर माझी सुपारी फुटली होती. मी उस्मानपुऱ्यात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात, ती गावी, रोज संध्याकाळी फोन. मी अख्ख्या जगावर चिडायचो अन् ती हसायची, "अंगद, तू चिडलास की तुझा आवाज बारीक होतो." आता असं बोलणारी पोरगी परत कुठं मिळती का? अन् नेमकं तवाच... ताप, जांघेत गाठी, लघवीला गेलं की डोळ्यांपुढं काजवे, अन् फोड. कुठं ते ओळखा. मी सांगितलं असतं, पण मागं कुणाची तरी मावशी बसलीय. बरं, सांगतोच. लिंगावर. झालं? मावशी, उठू नका, पुढं याच्याहून वाईट आहे.

दवाखान्यात मी तोंडाला रुमाल बांधून गेलो, अन् आत बघतो तर समदेच रुमाल बांधून, वाटावं की बँक लुटायला निघालेत. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त घ्यायला लावलं, अन् पावसापाण्याचं बोलावं तशा बोलल्या, "जननेंद्रियावरचा हर्पीस आहे. घाबरू नका, लई जणांना असतो, कित्येकांना माहीत पण नसतं. गोळ्यांनी फोड जातील. विषाणू जात नाही, तो नसांच्या मुळाशी झोपून राहतो. अधूनमधून उठेल, उठला की लगेच गोळ्या सुरू करायच्या. फोड असताना संबंध नको, एरवी कंडोम." म्हंजी हा घरजावईच की! कायमचा राहणार, काम काय करणार नाय, अन् मनात आलं की रुसणार.

मी विचारलं, "मग लग्न?"

"करा की. मुलंबाळंही होतील. पण होणाऱ्या बायकोला आधी सांगा. तिला तुमच्या तोंडून कळू द्या."

तुमच्या तोंडून. एवढं एकच पथ्य होतं बघा खरं. रविवारी संस्कृती मावसबहिणीकडं शहरात येणार होती. मी रोज आरशापुढं उभं राहून वाक्य घोकायचो. "संस्कृती, मला तुला एक सांगायचंय"... इथवर झकास जमायचं, पुढं आवाज बारीक.

अन् शुक्रवारी कोर्टाची तारीख म्हणून तात्या मुक्कामाला आले. चार्जर शोधायला म्हणून माझ्या उशीखाली हात घातला. चार्जर उशीखाली असतो व्हय? सापडली गोळ्यांची पट्टी. मला विचारलं का? नाय. तडक खाली मेडिकलवर, "हे कशावर देतेत?" मेडिकलवाला म्हणाला, "नागिणीवर देतेत काका." खोटं नाय बोलला बिचारा, नागिणीला पण ह्याच गोळ्या असतात. तात्या जिना चढून वर, धापा टाकत.

"कुठंय?"

मी गडबडलो. म्हणालो, "कमरेपाशी."

"कमरेला? आरं, विळखा घालायलीय ती. तोंड-शेपूट भेटलं की माणूस खलास, ठावं हाय का?"

"तात्या, गोळ्या चालू आहेत."

"गोळीचं ऐकती का नागीण? लासूर स्टेशनला पुंजारामबाबा हायेत. गेरूची रेघ ओढली की जागच्या जागी बसती."

अन् फोन सुरू. मायला फोन, मामाला फोन, अन् संस्कृतीच्या वडिलांना, गोकुळरावांना पण फोन. मी म्हटलं त्यांना कशाला, तर म्हणे, "सोयऱ्याला कळवावं लागतंय. उद्या म्हणतील, लपवलं." बघा, लपवलं म्हणतील याची काळजी. मोठी माणसं आहेत. त्यांना समदं कळतं.

शनिवारी सकाळी गावाहून माय-वडिलांना घेऊन जीप दारात. मायनं रस्ताभर पदर डोळ्याला लावलेला, तात्या पुढं ड्रायव्हरला नागिणीनं गेलेल्यांची नावं सांगत, वडील खिडकीतून कपाशी बघत. लासूरला पुंजारामबाबांच्या ओट्यावर गोकुळराव आधीच येऊन बसलेले, आजाऱ्याला भेटायला म्हणून केळी घेऊन. बाबांनी मला आत नेलं. हातात गेरूची वाटी अन् मोरपीस.

"सदरा वर कर." केला. कंबर लखलखीत. "कुठंय रं?"

"खाली."

"इथं?"

"अजून खाली, बाबा."

बाबांनी बघितलं, मान फिरवली, अन् भिंतीकडं तोंड करून अंदाजानं गेरू लावला. अंदाजानं... त्या फोडांवर... मावशी, तुम्ही उठला असता तरी चाललं असतं.

आता नागिणीचा एक रिवाज असतो. रेघ ओढली की तोंड कुठं अन् शेपूट कुठं ते घरच्यांना सांगायचं, म्हंजी त्यांनी पाळत ठेवावी. बाबा उंबऱ्यात उभे राहिले अन् भरल्या ओट्याला, जीपच्या ड्रायव्हरासकट, ऐकू जाईल असं बोलले, "तोंड हाय मुतायच्या जाग्यावर. शेपूट काय गावंना. घरच्या कुणीतरी रोज बघायला लागंल."

मग तात्या छाती पुढं काढून म्हणाले, "मी बघत जाईन."

गोकुळरावांनी केळ्याची पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "जावईबापू, ही नागीण वाटत नाय."

आग एकीकडं, तात्या एकीकडं, माझं डोकं फिरलं. बोललो समदं. नागीण नाय, हर्पीस आहे, संबंधातून होतो, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, अन् उद्या मी संस्कृतीला सांगणार होतो.

"उद्या," गोकुळराव म्हणाले. केळी मायच्या हातात दिली, चपला घातल्या अन् गेले.

संध्याकाळी तिचा फोन. "अंगद, रोगाचं मला काय नाय. मी वाचलं, गोळ्या असतात, संसार करतात लोक. पण माझ्याआधी जीपच्या ड्रायव्हरला कळलं."

म्हटलं, "रविवारी सांगणारच होतो."

"मग शनिवारी जीपमध्ये कशाला बसलास?"

आता आहे का तुमच्याकडं उत्तर? तात्या म्हणाले बस, बसलो. जगावर चिडणारा मी, सीट मिळाली का एवढं बघून बसलो.

फोडांचं म्हणाल तर आठ-दहा दिवसांत गेले. मधूनच उठतात, चुणचुण सुरू झाली की मी गोळी घेतो, परत बसतात. त्याचं काय नाय राहिलं. तात्या गावभर सांगतात, बाबाच्या गेरूनं गुण आला. संस्कृतीच्या लग्नाची पत्रिका पण तात्यांच्याच नावानं आली, सहकुटुंब सहपरिवार, नवरदेव वैजापूरचा. आज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून निघताना मला म्हणाले, "तू ऱ्हा घरी. तुला दगदग सोसायची नाय."

मोठी माणसं आहेत. त्यांना समदं कळतं.

ते लग्न माझं होतं.