जेवण झाल्यावरचा तास

माह्यं माहेर मुकुटबनाकडलं, सासर इथं राळेगावात. शाळा चौथीपर्यंत, मंग कापूस वेचाले लागली ते कंबर वाकेपर्यंत वेचतच राह्यली. आमच्या घरी भाकर पुरत नव्हती, म्हणून पोटभर जेवून मुद्दाम उलटी करायचाही आजार असते असं मले कोणी सांगितलं असतं, तर मी त्याले येड्यात काढलं असतं. काय सांगू तुमाले.

माही नात साक्षी, अंगानं भरलेली. कॉलेजात होती तवा माह्या पोरानं, म्हणजे तिच्या बापानं, कळंबचं स्थळ आणलं. त्यायनं दोन-दोन प्लेटी पोहे खाल्ले आन् पोट्टी जाड आहे म्हणून फोनवर सांगून मोकळे झाले. तवापासून तिच्या ताटावर सगळ्यायची नजर. माय म्हणे एक पोळी कमी घे, बाप म्हणे भात बंद.

मंग पोट्टी उपाशी राहाले लागली, आन् एखाद्या वेळी एकदम डब्बाभर पोळ्या खाऊन सरळ न्हाणीत. नळ सोडून द्यायची, तरी आवाज येच. शेजारच्या शांतानं ऐकला, म्हणजे आख्ख्या मोहल्ल्यानं ऐकला. लग्न न झालेली पोट्टी, आन् उलट्या. दुसरं काय समजतीन लोक?

सुनेनं दुकानातून दिवस गेल्याची तपासायची पट्टी आणली. काही निघालं नाही. बाप म्हणे पट्टी खोटी हाय, दुसरी आण. तिच्यातही नाही, तरी त्यानं मारलं तिले, नाव सांग म्हणे त्याचं. पोट्टी रडून राह्यली, कोणीच नाही बाबा, मले जाड नाही राहायचं. एवढं साफ सांगितलं तिनं, पण ऐकते कोण? कॉलेज बंद केलं.

एक दिवस अंगणात पडली धाडकन. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं रक्त तपासलं, छातीले वायरी लावून ठोक्यायची पट्टी काढली, दात पाहिले, ते मागून झिजले होते. मंग आमाले बाहेर काढून एकट्या साक्षीसंग बोलली, काय खाते, कवा खाते, खाल्ल्यावर मनात काय येते. नंतर बापाले म्हणे, हा खाण्याचा आजार आहे, नखरा नाही, उलट्यांनी रक्तातले क्षार कमी होतात, हृदय बंद पडू शकतं. तो म्हणे, म्हणजे पोटात काही नाही ना? बस, एवढंच विचारलं त्यानं.

आता गोळी चालू हाय, आन् समजावून बोलणाऱ्या म्याडमकडं एसटीनं नेतो. जेवण वेळेवर, उपास बंद, तिच्या अंगावरून कोणी बोलायचं नाही, आन् जेवल्यावर तासभर तिले एकटं सोडायचं नाही. तो तास माह्याकडं. लसूण सोलत बसतो दोघी. साक्षी चिडते, बुढे, तुले दुसरं काम नाही का वं? मी म्हणते हाय, पण हे तुह्या मायबापाले जमत नाही.

शांता अजून पोटाकडं पाहे तिच्या. मी म्हटलं, शांते, नऊ महिने कवाच झाले, निघालं का वं काही? गेली तोंड घेऊन.

डॉक्टरीण म्हणते वेळ लागीन, मधात पुन्हा होईन, रागवायचं नाही. काल झालंच. पण साक्षी सोता येऊन म्हणे, आजी, झालं वं आज. म्हटलं, बस इथं. बसली. बाप समोरच जेवून राह्यला होता. चुकलं माह्यं पोरी, एवढंच म्हणायचं होतं त्यानं. भात कालवत राह्यला.

मी त्याच्या त्या शब्दाची वाट पाहत नाही. साक्षी पाहते, त्याचाच राग येते मले.